मोटारसायकलीचे पेट्रोल आणि शेतीचा जमाखर्च

पहाटेची धार काढून झाली की दुधाची किटली मोटारसायकलीला अडकवावयाची आणि संकलन केंद्राची वाट धरावयाची, हा महाराष्ट्रातील असंख्य खेड्यांचा आजचा दिनक्रम आहे. दुपारी फवारणीचे औषध आणण्यासाठी तालुक्याच्या गावी एक फेरी होते, सायंकाळी पुन्हा दुधाची फेरी होते, आणि शेतीपंपाची वीज रात्रीची असली तर पंप चालू करण्यासाठी मळ्यापर्यंत आणखी एक फेरी पडते. वैरणीचा, खताच्या पोत्यांचा आणि मजुरीचा हिशेब ठेवणारा शेतकरी या फेऱ्यांचा हिशेब मात्र सहसा ठेवीत नाही. पेट्रोलचे पैसे शंभर-दोनशे रुपयांनी खिशातून जातात, त्यांची नोंद कोठेही होत नाही, आणि वर्षअखेर ‘पेट्रोल महाग झाले’ एवढीच भावना मागे उरते.

ही भावना खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. पेट्रोलवरील खर्च तीन गोष्टींवर ठरतो : एका लिटरचा दर, एका लिटरमध्ये गाडी कापते ते अंतर, आणि वर्षभरात कापलेले एकूण अंतर. यांपैकी पहिली गोष्ट शेतकऱ्याच्या हाती नाही, दुसरी बऱ्याच अंशी आहे, आणि तिसरी तर मुख्यतः त्याच्याच हाती आहे. या तिन्हींचा क्रमाने विचार केला असता काटकसर नेमकी कोठे करावी, हे ध्यानी येईल.

दर कसा वाढत गेला

पेट्रोलचा दर पंपावर ठरत नाही. तो फार दूर ठरतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटले आणि अरब तेल-उत्पादक देशांनी काही देशांचा पुरवठा रोखून धरला. खनिज तेलाचे एक पिंप जे सुमारे ३ डॉलरला मिळत होते, ते जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरांच्याही पुढे गेले. त्याच वर्षी, १९७४ मध्ये, मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्राच्या तळाखाली तेल सापडले आणि ‘मुंबई हाय’चा लाभ देशाला झाला. तरीही देशाची गरज इतकी वाढत गेली की आपल्याला लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. त्यामुळे परदेशातील युद्धाची आणि डॉलरच्या भावाची झळ खेड्यातील किटलीपर्यंत येऊन पोहोचते.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले तेव्हा याचा पुन्हा प्रत्यय आला. दिल्लीत त्या वर्षाच्या मार्चअखेर लिटरला ९ रुपये ८४ पैसे असलेले पेट्रोल ऑक्टोबरात १२ रुपये २३ पैशांवर गेले, आणि जुलै १९९१ मध्ये देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली असताना ते १४ रुपये ६२ पैसे झाले. पूर्वी हे दर सरकार ठरवीत असे. एप्रिल २००२ मध्ये ती पद्धत बंद करण्यात आली. तरी प्रत्यक्षात पेट्रोलचा दर बाजारावर सोपविला गेला तो जून २०१० मध्ये. त्या वेळी दिल्लीतील दर ५१ रुपये ४३ पैसे झाला. जून २०१७ पासून तर दर दररोज बदलण्याची व्यवस्था देशभर लागू झाली.

खनिज तेल स्वस्त झाले म्हणजे पेट्रोलही स्वस्त होते, असा समज असतो. तो नेहमीच खरा ठरत नाही. २०२० च्या वसंतात, साथीच्या काळात, जगभर खनिज तेलाचे भाव कोसळले. परंतु त्याच वर्षी मार्च आणि मे महिन्यांत केंद्रीय उत्पादन शुल्क वाढविण्यात आले आणि ते लिटरमागे ३२ रुपये ९८ पैशांवर गेले. पुढे तेलाचे भाव सावरले तेव्हा २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. एप्रिल २०२२ मध्ये तेथील दर १२० रुपये ५१ पैसे होता. मे महिन्यात केंद्राने आणि जुलै महिन्यात महाराष्ट्र शासनाने कर कमी केले, तेव्हा तो १०६ रुपये ३१ पैशांपर्यंत उतरला. आणि मार्च २०२४ मध्ये आणखी उतरून १०४ रुपये २१ पैसे झाला.

या साऱ्या चढउतारांतून एकच बोध घ्यावयाचा. पावसाप्रमाणेच हा दरही शेतकऱ्याच्या इच्छेवर चालत नाही. पाऊस आपल्या हाती नसतो म्हणून बांधबंदिस्ती करावयाची नसते असे कोणी म्हणत नाही. येथेही तसेच आहे.

यंत्रात झालेली सुधारणा

१९६० नंतरच्या दशकांत खेड्यापाड्यांत दिसू लागलेल्या राजदूत, जावा आणि पुढे येझ्दी या मोटारसायकली, तसेच बजाजच्या जुन्या स्कूटरी व एम-८० आणि कायनेटिकची १९७२ मधील लुना या दोन ठोक्यांच्या इंजिनावर चालत. या इंजिनाची रचना साधी, दुरुस्ती सोपी आणि ओढ चांगली. परंतु त्यात एक मूळचा दोष आहे. दट्ट्या खाली येतो तेव्हा जळालेला धूर बाहेर जाण्याचे दार आणि ताजे मिश्रण आत येण्याचे दार ही दोन्ही काही काळ एकाच वेळी उघडी राहतात. धुराला बाहेर लोटणाऱ्या ताज्या मिश्रणातील काही भाग न जळताच धुराबरोबर निघून जातो. पाटाला भोके असली म्हणजे वाफ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी पाणी जसे झिरपून जाते, तसाच हा प्रकार आहे. शिवाय या इंजिनात पेट्रोलबरोबर वंगणाचे तेलही जाळावे लागे, त्याचा खर्च वेगळाच.

चार ठोक्यांच्या इंजिनात आत घेणे, दाबणे, जळणे आणि बाहेर टाकणे ही कामे स्वतंत्र ठोक्यांत होतात, आणि दोन्ही दारांवर झडपांचा पहारा असतो. १९८५ मध्ये हिरो होंडा कंपनीची चार ठोक्यांची शंभर सी.सी. वर्गातील मोटारसायकल बाजारात आली, तेव्हा एका लिटरमध्ये ८० किलोमीटर असा कंपनीचा दावा होता. असे दावे सपाट रस्त्यावरील, एकसारख्या वेगाच्या चाचणीतील असतात. खेड्याच्या रस्त्यावर तेवढे अंतर मिळत नाही, हे खरे. तरीही फरक इतका मोठा होता की पुढील पंधरा-वीस वर्षांत दोन ठोक्यांच्या मोटारसायकली बाजारातून जवळजवळ नाहीशा झाल्या. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे कडक नियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांत कार्बुरेटरच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारी विजेवर चालणारी योजना आली, आणि मिश्रण अधिक अचूक झाले.

या सुधारणेचे मोल आकड्यांत पाहावे. दिल्लीतील दर १९९१ मध्ये १४ रुपये ६२ पैसे होता, तो मार्च २०२४ मध्ये ९४ रुपये ७२ पैसे झाला. म्हणजे साधारण साडेसहा पट वाढला. आता समजा, १९९१ मधील दोन ठोक्यांची गाडी लिटरला ४० किलोमीटर जाई आणि आजची ६० किलोमीटर जाते. तर एका किलोमीटरचा खर्च ३७ पैशांवरून १ रुपया ५८ पैशांवर गेला, म्हणजे सव्वाचार पटींच्या आसपास वाढला. दरवाढीचा मोठा भाग अशा रीतीने यंत्राने स्वतःच्या अंगावर झेलला.

ज्वारीच्या मापाने पेट्रोल

रुपयाचे मोल दरवर्षी बदलते. म्हणून शेतकऱ्याने पेट्रोलचे माप आपल्या धान्याच्या मापाने करून पाहावे. १९९१-९२ मध्ये ज्वारीची किमान आधारभूत किंमत क्विंटलला २०५ रुपये होती. दिल्लीच्या दराने एका क्विंटल ज्वारीत तेव्हा १४ लिटर पेट्रोल येई. २०२४-२५ साठी संकरित ज्वारीची आधारभूत किंमत ३,३७१ रुपये ठरली. त्यात मार्च २०२४ च्या दराने साडेपस्तीस लिटर पेट्रोल येते. ज्वारीला बाजारात आधारभूत किंमत नेहमीच मिळते असे नाही, महाराष्ट्रात पेट्रोलचा दर दिल्लीहून अधिक असतो, आणि ज्वारी पिकविण्याचा खर्चही या काळात पुष्कळ वाढला आहे. या तिन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. तरीसुद्धा धान्याच्या मापाने पेट्रोल महाग झालेले नाही, उलट स्वस्तच झाले आहे, असे दिसून येते.

मग खिशाला ते अधिक जड का वाटते? याची कारणे दोन आहेत. धान्याचा पैसा हंगामाला एकदा येतो आणि पेट्रोलचा पैसा रोज जातो, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. १९९१ मध्ये बहुतेक शेतकऱ्यांच्या दारात मोटारसायकल नव्हतीच. तालुक्याला एस.टी.ने जावे, मळ्यात पायी किंवा सायकलने जावे, माल बैलगाडीतून न्यावा, अशी रीत होती. आज त्याच अंतरासाठी, आणि पूर्वी ज्या कामासाठी कोणी घराबाहेर पडले नसते अशा कामासाठीही, मोटारसायकल बाहेर निघते. वाढला तो दर जितका, त्याहून अधिक वाढल्या त्या फेऱ्या.

गाडीचे अंतर कसे मोजावे

एका लिटरमध्ये गाडी किती जाते, याला गावोगाव ‘ॲव्हरेज’ म्हणतात; परंतु ते अंदाजाने सांगितले जाते, मोजून क्वचितच. मोजण्याची रीत सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून टाकी ठराविक खुणेपर्यंत भरावी व किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. दोन-तीनशे किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी चालवावी. नंतर त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत टाकी पुन्हा भरावी. दरम्यान कापलेल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागावे. उदाहरणार्थ, ३३६ किलोमीटर अंतर झाले आणि ६ लिटर पेट्रोल लागले, तर गाडी लिटरला ५६ किलोमीटर जाते. असे तीनदा करून सरासरी काढावी. पुढे हा आकडा एकाएकी घसरला, तर गाडीत किंवा पेट्रोलमध्ये काही बिघाड आहे, अशी सूचना वही आपोआप देते.

पेट्रोलच्या शुद्धतेविषयी शंका आल्यास पंपावर गाळणकागद मागावा. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला असता तो डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. मापाविषयी शंका असल्यास पाच लिटरचे प्रमाणित माप भरून दाखविण्यास सांगावे. हा ग्राहकाचा हक्क आहे. त्यात संकोच बाळगू नये.

निगा व चालविण्याची शिस्त

पुढील गोष्टींना खर्च थोडा किंवा मुळीच नाही. परंतु त्यांकडे दुर्लक्ष झाले असता पेट्रोल निश्चित वाया जाते.

१. चाकांतील हवा. हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरतो व चाक जड होते. आठवड्यातून एकदा, गाडी चालविण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासावी. किटल्या किंवा पोते न्यावयाचे असल्यास मागील चाकात, माहितीपुस्तिकेत ओझ्यासाठी दिलेल्या आकड्याइतकी हवा ठेवावी.

२. हवेची गाळणी. कच्च्या रस्त्याची धूळ आणि मळणीच्या दिवसांतील भुसकट यांमुळे गाळणी लवकर चोंदते. कार्बुरेटरच्या गाडीत त्यामुळे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि धूर काळा होतो. शहरातील गाडीपेक्षा शेतावरील गाडीची गाळणी अधिक वेळा पाहावी.

३. साखळी व ब्रेक. साखळी कोरडी, फार सैल किंवा फार ताणलेली नसावी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे. ते मोकळे न फिरता लगेच थांबत असेल, तर ब्रेक घासत आहे असे समजावे.

४. वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वेग ६० वर नेला, तर हा विरोध सव्वादोन पट होतो, आणि त्याची किंमत पेट्रोलने मोजावी लागते. ताशी ४० ते ५० किलोमीटरच्या दरम्यान, शक्य तो वरच्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने गाडी चालवावी. चार किलोमीटरच्या फेरीत घाईने वाचतो तो वेळ दोन मिनिटांहून फारसा अधिक नसतो.

५. हाताच्या व पायाच्या सवयी. अर्धवट क्लच दाबून गाडी चालविणे, ब्रेकवर पाय टेकवून ठेवणे, चोक बंद करण्यास विसरणे आणि बांधावर बोलत उभे असताना इंजिन चालू ठेवणे, या सवयी सोडाव्यात.

६. वंगण व ठिणगीचा प्लग. माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच वंगण वापरावे व ते वेळेवर बदलावे. प्लग काळा पडला असल्यास तो नुसता पुसून भागत नाही. काळा का पडला, हे कारागिराकडून पाहून घ्यावे.

उसाचे इथेनॉल आणि गाडीचे पेट्रोल

पंपावर मिळणारे पेट्रोल आता नुसते पेट्रोल राहिलेले नाही. त्यात शेतातील पिकाचाही वाटा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये ज्या ठिकाणी झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही दोन होती. २०२२ मध्ये देशात हे प्रमाण शेकडा १० वर आणि २०२५ मध्ये शेकडा २० वर पोहोचले. मळी, उसाचा रस, मका व तुटका तांदूळ यांपासून हे इथेनॉल तयार होते. कारखान्याला त्यातून पैसा लवकर मिळाला तर ऊसबिल वेळेवर देणे सुलभ होते, हा लाभ आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले होते. यावरून पाऊस आणि पेट्रोल यांचे नाते किती जवळचे झाले आहे, हे दिसते.

परंतु वाहन चालविणाऱ्याने दुसरी बाजूही जाणून घ्यावी. एक लिटर इथेनॉलमधील उष्णता एक लिटर पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज दिला आहे की, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व शेकडा १० मिश्रणासाठी जुळविलेल्या दुचाकीचे अंतर शेकडा २० मिश्रणामुळे शेकडा ३ ते ४ ने घटते. म्हणजे ६० किलोमीटरची गाडी ५८ च्या आसपास येईल. वहीतील आकडा एवढाच घसरला असेल, तर कारागिराला दोष देऊ नये; त्याहून अधिक घसरला असेल, तर मात्र कारण शोधावे. इथेनॉल पाणी शोषून घेते. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट असावे आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व वायसर चिरले नाहीत ना, हेही पाहत जावे.

फेऱ्यांचा हिशेब

आता तिसऱ्या आणि सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळावे. समजा, एका शेतकऱ्याकडून दूध संकलन केंद्र ४ किलोमीटरवर आहे. सकाळ-संध्याकाळच्या दोन फेऱ्यांचे जाऊन-येऊन १६ किलोमीटर होतात. पेट्रोलचा दर लिटरला १०४ रुपये धरला, तर लिटरला ४५ किलोमीटर जाणाऱ्या, निगा न राखलेल्या गाडीला रोज ३७ रुपये लागतात. तीच गाडी नीट राखून ६० किलोमीटर जाऊ लागली, तर २८ रुपये लागतात. रोजचे ९ रुपये फार वाटत नाहीत. परंतु वर्षअखेर ते सुमारे ३,३७० रुपये होतात. दुधाला लिटरमागे ३० रुपये मिळत असतील, तर शंभर लिटरांहून अधिक दूध त्या गाडीने नुसतेच पिऊन टाकले, असा त्याचा अर्थ होतो.

याच्या पुढची पायरी पाहावी. त्याच वस्तीवरील तीन शेतकरी रोज तीन गाड्यांवरून त्याच वेळी, त्याच केंद्रावर जातात. त्यांनी आपसांत पाळी लावली आणि एकाने तिघांच्या किटल्या नेल्या, तर ओझ्यामुळे गाडी समजा लिटरला ६० ऐवजी ५५ किलोमीटर जाईल. त्या दिवसाचा एकूण खर्च ३० रुपये, आणि तो तिघांत विभागला म्हणजे प्रत्येकी सुमारे १० रुपये. चांगल्या गाडीला लागणाऱ्या २८ रुपयांतून रोजचे आणखी १८ रुपये वाचले. वर्षाला प्रत्येकी सुमारे ६,४०० रुपये आणि तिघांचे मिळून १९ हजारांहून अधिक रुपये वाचतील. गाडीची उत्तम निगा राखून जेवढे वाचते, त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्कम नुसत्या मेळाने वाचते. शिवाय तिघांपैकी दोघांना रोज शेतावर तेवढा वेळ अधिक मिळतो, तो वेगळाच.

अशी पाळी मोडते ती बहुधा दोन कारणांनी. दूध एकत्र ओतले तर फॅटचा वाद होतो. म्हणून प्रत्येकाची किटली वेगळी, नाव घातलेली असावी आणि माप व फॅट ज्याच्या त्याच्या खाती लिहून आणावे. दुसरे कारण वेळेचे. एकाची धार उशिरा झाली तर तिघांचे दूध नासण्याची भीती असते. म्हणून निघण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि त्या वेळी जी किटली तयार नसेल, ती ज्याची त्याने न्यावी. हे दोन नियम पाळले तर मेळ टिकतो.

तालुक्याच्या फेरीलाही हाच न्याय लावावा. औषध, पंपाचा सुटा भाग, बँकेचे काम व तलाठ्याचा दाखला यांसाठी चार वेगवेगळ्या दिवशी चार फेऱ्या करण्यापेक्षा, भिंतीवर एक पाटी लावून त्यावर कामे लिहीत जावे व बाजाराच्या दिवशी ती एकत्र उरकावीत. शेजाऱ्यालाही विचारावे. दुकानात वस्तू आहे किंवा नाही, याची चौकशी दूरध्वनीवरून आधी करावी; रिकाम्या हाताने परत येण्याइतकी महाग फेरी दुसरी नाही.

पेट्रोलचा दर उद्या चढेल की उतरेल, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. यंत्राने गेल्या काही दशकांत आपला वाटा उचलला आहे, आणि अधिक काटकसरी यंत्रे पुढेही येतील. परंतु यंत्राने वाचविलेले पेट्रोल जर वाढत्या फेऱ्यांनी जाळून टाकले, तर शेतकऱ्याच्या पदरात काहीच उरणार नाही. म्हणून शेतकरी बंधूंनी खर्चाच्या वहीत आजपासून एक नवे पान उघडावे. त्यावर तारीख, किलोमीटरचा आकडा, लिटर, रुपये आणि फेरीचे कारण या पाच गोष्टी लिहाव्यात. एक महिन्याने ते पान घरातील सर्वांसमक्ष वाचावे. कोणती फेरी टाळता आली असती, हे त्या पानावर वाचता येईल. आणि टाळलेल्या फेरीला पेट्रोल मुळीच लागत नाही, मग दर कितीही असो.